विश्लेषण : आधी ६.४ गुण, वीस वर्षांनी थेट १०! ‘डाफ्ट पंक’च्या ‘डिस्कव्हरी’बाबत श्रोत्यांचे मत का बदलले?

विद्यापीठाच्या परीक्षेत पुनर्मूल्यांकनाचा अर्ज करून चार-दोन गुण वाढवून घेता येतात, हे आपल्याकडे सर्वांना ठाऊक आहे. पण एखाद्या संगीत अल्बमची उत्तरपत्रिका वीस वर्षांनी बाहेर काढावी आणि १० पैकी ६.४ गुण खोडून पूर्ण १० गुण द्यावेत, असे क्वचितच घडते. ‘डाफ्ट पंक’ या हाउस संगीतातील फ्रेंच जोडगोळीच्या ‘डिस्कव्हरी’ या अल्बमबाबत ते घडले. मार्च २००१ मध्ये आलेल्या या अल्बमला ‘पिचफोर्क’ या अमेरिकी संगीत प्रकाशनाने तेव्हा ६.४ गुण दिले होते. २०२१ मध्ये त्याच प्रकाशनाने ते १० केले. या पाव शतकात अल्बममधील एक सूरही बदललेला नाही. मग बदलले काय? आधीचे श्रोते चुकले होते की आताचे जरा जास्तच हळवे झाले आहेत? आणि या गुणांच्या हिशेबात नेमके कोणाचे खाते कोरे राहिले?

‘डाफ्ट पंक’ म्हणजे कोण?

तोमा बांगाल्तेर आणि गी-मान्युएल द ओमेम-क्रिस्तो हे पॅरिसमधील दोन शाळासोबती. १९८७ मध्ये लिसे कार्नो या शाळेत त्यांची ओळख झाली. पुढे आणखी एका मित्रासह त्यांनी ‘डार्लिन’ नावाचा गिटार बँड काढला. त्यांच्या संगीतावर ‘मेलडी मेकर’ या ब्रिटिश साप्ताहिकाने बोचरी टीका केली आणि त्यात ‘खुळचट पंक’ अशा अर्थाचा शब्दप्रयोग केला. बँड मोडला, पण दोघांनी त्या टीकेतलेच शब्द उचलून आपल्या नव्या जोडीचे नाव ठेवले. लोकांचे मत म्हणजे अंतिम निकाल नसतो, हे या जोडीने पहिल्याच पावलावर असे दाखवून दिले.

घरातल्या खोलीत मांडलेल्या यंत्रांवर त्यांनी ‘होमवर्क’ हा पहिला अल्बम तयार केला. तो जानेवारी १९९७ मध्ये आला. ‘दा फंक’ आणि ‘अराउंड द वर्ल्ड’ या त्यातील रचना जगभरच्या नृत्यगृहांत वाजल्या. पुढे दोघांनी चेहरे दाखवणेच बंद केले. ९ सप्टेंबर १९९९ रोजी सकाळी ९ वाजून ९ मिनिटांनी स्टुडिओतील यंत्राचा स्फोट झाला आणि शुद्धीवर आल्यावर आपण यंत्रमानव झालेलो होतो, अशी गमतीदार दंतकथा त्यांनी स्वतःच सांगितली. तेव्हापासून चकचकीत शिरस्त्राणे हीच त्यांची ओळख झाली. फेब्रुवारी २०२१ मध्ये एका चित्रफितीद्वारे त्यांनी ही जोडी विसर्जित झाल्याचे जाहीर केले.

हाउस संगीत आणि ‘फ्रेंच टच’ म्हणजे काय?

हाउसचा जन्मच मुळी श्रोत्यांच्या एका उग्र मतप्रदर्शनाच्या सावलीत झाला. १२ जुलै १९७९ रोजी शिकागोतील बेसबॉलच्या मैदानात डिस्कोच्या तबकड्यांचा ढीग स्फोटाने उडवण्यात आला. प्रेक्षक मैदानात घुसले, दंगा झाला. डिस्को हे प्रामुख्याने कृष्णवर्णीय, लॅटिनो आणि समलिंगी समूहांचे संगीत होते. त्यामुळे तो राग केवळ सुरांवरचा नव्हता, हे अनेक अभ्यासकांनी दाखवून दिले आहे. पण त्याच शहरातील ‘वेअरहाउस’ या क्लबमध्ये फ्रँकी नकल्स हा डीजे जुन्या डिस्कोच्या तबकड्यांवर यंत्रांचे ठोके चढवत राहिला. त्या क्लबच्या नावावरून या प्रकाराला ‘हाउस’ हे नाव पडल्याचे मानले जाते.

हाउसचा कणा म्हणजे चार मात्रांतील प्रत्येक मात्रेवर पडणारा ढोलाचा ठोका. त्यावर जुन्या गाण्यातील छोटा तुकडा, म्हणजे सॅम्पल, पुन्हा पुन्हा फिरत राहतो. १९९०च्या दशकात पॅरिसच्या तरुणांनी यात स्वतःची भर घातली. त्यांनी तुकडा फिल्टरमधून असा गाळला की आवाज आधी पाण्याखालून आल्यासारखा दबलेला वाटावा आणि मग हळूहळू उजळत जावा. शिवाय ढोलाचा ठोका पडला की बाकी सगळे वाद्यमेळ क्षणभर खाली दबते आणि लगेच उसळून वर येते. ऐकणाऱ्याला संगीत श्वास घेत असल्याचा भास होतो. या शैलीला ‘फ्रेंच टच’ म्हटले गेले. ‘कॅसियस’, एतिएन द क्रेसी आणि ‘स्टारडस्ट’ हे तिचे अन्य शिलेदार. ‘स्टारडस्ट’च्या १९९८ मधील एकमेव गाजलेल्या गाण्यामागेही बांगाल्तेरचा हात होता.

‘डिस्कव्हरी’मध्ये वेगळे काय होते?

‘होमवर्क’ हा मध्यरात्रीनंतरच्या नृत्यगृहाचा अल्बम होता. लांबलचक, रांगडा आणि एकाच तालावर ठाण मांडणारा. ‘डिस्कव्हरी’ मात्र दिवसाउजेडी वाजणारा अल्बम निघाला. त्यातील १४ रचनांमध्ये पोटभर गाणी होती, सुरावटी होत्या, ‘एरोडायनॅमिक’मध्ये तर चक्क गिटारची धावती तान होती. ‘डिजिटल लव्ह’ हे तर सरळसरळ हुरहुर लावणारे प्रेमगीत. ‘समथिंग अबाउट अस’ संथ आणि हळवे, ‘व्हेरिडिस क्वो’ एखाद्या जुन्या चर्चमधील ऑर्गनची आठवण करून देणारे.

या बदलामागे एक विचार होता. हा अल्बम आपल्या बालपणाबद्दल, साधारण पहिल्या दहा वर्षांत कानावर पडलेल्या संगीताबद्दल आहे, असे बांगाल्तेरने तेव्हा मुलाखतींत सांगितले होते. लहान मूल गाणे ऐकताना ते भारदस्त आहे की सवंग, हे पाहत नाही. आवडले की आवडले. तोच कान त्यांना परत हवा होता. म्हणजे ज्या अल्बमवर पुढे इतकी मतमतांतरे झाली, तो मुळात मत न बनवता ऐकण्याविषयी होता. ही गंमत ध्यानात घेतली की पुढचा सगळा वाद अधिक रंजक वाटू लागतो.

पहिल्या श्रोत्यांनी नाके का मुरडली?

सरसकट सगळ्यांनी मुरडली नाहीत. ‘वन मोअर टाइम’ हे गाणे नोव्हेंबर २००० मध्ये अल्बमच्या आधीच आले आणि फ्रान्समध्ये पहिल्या, ब्रिटनमध्ये दुसऱ्या क्रमांकावर पोहोचले. लग्नसमारंभांपासून फुटबॉलच्या मैदानांपर्यंत ते वाजू लागले. नेमके हेच जुन्या चाहत्यांना खुपले. त्यांचे आक्षेप साधारण चार होते.

पहिला, हे नृत्यगृहाचे संगीत राहिले नाही, रेडिओचे झाले. दुसरा, यातील कीबोर्ड आणि गिटार १९७०-८०च्या दशकातील त्या मऊ, गुळगुळीत रॉकची आठवण करून देतात, ज्यापासून सुटका म्हणून अनेक जण हाउसकडे वळले होते. तिसरा, गाणाऱ्याचा आवाज यंत्रातून इतका पिळून काढला आहे की त्यात माणूस उरत नाही. आणि चौथा, पहिली चार गाणी अप्रतिम, पण पुढे अल्बम ढेपाळतो. शेवटच्या दहा मिनिटांच्या गाण्याचे नावच ‘टू लाँग’ असल्याने या मंडळींच्या हाती आयतेच कोलीत मिळाले.

हे आक्षेप घेणारे श्रोते बहिरे नव्हते, हे आधी मान्य करायला हवे. त्यांनी ऐकलेले सगळे अल्बममध्ये खरोखर आहे. गुळगुळीतपणा आहे, आवाज पिळलेला आहे, उत्तरार्धाचा वेग मंदावतो. चूक होती ती मोजपट्टीची. ‘होमवर्क’साठी बनवलेल्या पट्टीने त्यांनी ‘डिस्कव्हरी’ मोजला. पोहे चांगले झाले आहेत की नाही, हे मिसळीच्या तिखटपणावरून ठरवावे, तसे ते झाले.

ऑटोट्यूनचा आक्षेप कितपत खरा?

यंत्राने आवाज बदलण्याचा मुद्दा अधिक खोलात पाहायला हवा, कारण तो आजही संपलेला नाही. ऑटोट्यून हे सॉफ्टवेअर १९९७ मध्ये बाजारात आले. ते बनवणारे अँडी हिल्डेब्रँड मूळचे तेलसाठे शोधण्यासाठी भूकंपलहरींचे विश्लेषण करणारे अभियंता. गायकाचा सूर किंचित घसरला तर तो गुपचूप जागेवर आणणे, हे या साधनाचे मूळ काम. म्हणजे ते न्हाव्याच्या कात्रीसारखे. काम झाले की दिसू नये असे. पण १९९८ मध्ये शेर या गायिकेच्या ‘बिलीव्ह’ या गाण्यात ते मुद्दाम ठसठशीत दिसेल असे वापरले गेले आणि आवाजाला धातूसारखी झिलई आली.

‘वन मोअर टाइम’मध्ये ‘डाफ्ट पंक’ने तेच केले. पण आवाज कोणाचा होता, हे महत्त्वाचे. तो होता न्यू जर्सीच्या रोमॅन्थनी या हाउस संगीतकाराचा. या जोडीने ‘होमवर्क’मधील ‘टीचर्स’ या रचनेत आपल्या गुरुस्थानी असलेल्यांची नावे घेतली होती. त्यात रोमॅन्थनी होता आणि ‘डिस्कव्हरी’त ‘फेस टू फेस’ गाणारा टॉड एडवर्ड्सही होता. म्हणजे कोणा सुमार गायकाचे दोष झाकण्यासाठी इथे यंत्र वापरलेले नव्हते. ज्याचा आवाज मुळात चर्चमधल्या भजनगायकासारखा पेटलेला आहे, तो यंत्रातून नेल्यावर काय उरते, याची ती परीक्षा होती. उरते ते पुष्कळ. गाण्याच्या मध्यावर ढोल पूर्ण थांबतो आणि दीर्घकाळ केवळ तो आवाज आणि मंद स्वर राहतात, तेव्हा हे कोणालाही कळते.

ऑटोट्यूनवरील टीका ऐकून आपल्याला १९७०च्या दशकाच्या अखेरची आठवण येते, जेव्हा फ्रान्समधील वादक सिंथेसायझरवर बंदी मागत होते, अशा आशयाचे उत्तर बांगाल्तेरने दिले होते. ते उत्तर बिनतोड नाही. पुढच्या दशकात ऑटोट्यूनचा जो बेसुमार वापर झाला, त्याने असंख्य आवाज एकसारखे करून टाकले, हेही खरे. पण साधन वाईट असणे आणि साधनाची साथ येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्या श्रोत्यांना पुढे येणाऱ्या साथीची चाहूल लागली, इतपत श्रेय त्यांना द्यावेच लागेल.

मग मत केव्हा आणि कोणामुळे बदलले?

ज्यांनी नाके मुरडली, त्यातील बहुतेकांनी मत बदलले असे नाही. नवे श्रोते आले आणि त्यांची संख्या वाढत गेली, हे अधिक खरे. हे श्रोते तीन लाटांमध्ये आले.

पहिली लाट मुलांची. ‘डाफ्ट पंक’ने जपानचे विख्यात सचित्रकथाकार लेइजी मात्सुमोतो यांच्यासोबत या अल्बमसाठी अ‍ॅनिमेशनपट केला. त्यातील सुरुवातीची गाणी दूरचित्रवाणीवरील कार्टून वाहिनीवर दिसली आणि २००३ मध्ये ‘इंटरस्टेला ५५५५’ हा पूर्ण चित्रपट आला. त्यात एकही संवाद नाही. कथा सांगतो तो अल्बमच. जे दहा-बारा वर्षांचे असताना ही निळ्या त्वचेची पात्रे पाहत होते, त्यांना ‘होमवर्क’शी देणेघेणे नव्हते. बालपणाविषयीचा अल्बम त्यांनी खरोखर बालपणी ऐकला.

दुसरी लाट २००७ची. अमेरिकी रॅपर कान्ये वेस्टने ‘हार्डर, बेटर, फास्टर, स्ट्राँगर’चा तुकडा घेऊन ‘स्ट्राँगर’ हे गाणे केले आणि ते अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेले. त्याच सुमारास ‘डाफ्ट पंक’चा प्रकाशमान पिरॅमिडवरील दौरा जगभर गाजत होता. हिपहॉप ऐकणारे अनेक जण उलट दिशेने ‘डिस्कव्हरी’पर्यंत पोहोचले.

तिसरी लाट २०१३ मधील ‘रँडम अ‍ॅक्सेस मेमरीज’ या अल्बमची. त्यातील ‘गेट लकी’ने त्यांना घराघरांत नेले आणि २०१४च्या ग्रॅमी सोहळ्यात त्या अल्बमला सर्वोत्कृष्ट अल्बमचा मान मिळाला. तोपर्यंत २००१ मधील मुले तिशीकडे झुकली होती. त्यातली काही स्वतः संगीतकार झाली, काही समीक्षक. २०२१ मध्ये गुण वाढवणाऱ्यांची पिढी हीच. उत्तरपत्रिका तीच राहिली, परीक्षक मात्र बदलले.

हे फक्त ‘डिस्कव्हरी’बाबतच घडले का?

नाही. या जोडीच्या जवळपास प्रत्येक अल्बमला श्रोत्यांनी आधीच्या अल्बमच्या नावाने बोल लावले. ‘डिस्कव्हरी’ ‘होमवर्क’सारखा नाही, म्हणून तक्रार झाली. २००५ मध्ये ‘ह्यूमन आफ्टर ऑल’ आला, तेव्हा तो ‘डिस्कव्हरी’सारखा नाही, म्हणून ओरड झाली. ‘डिस्कव्हरी’वर दोन वर्षांहून अधिक काळ खपलेल्या या दोघांनी तो अल्बम अवघ्या सहा आठवड्यांत उरकला होता. तो रूक्ष, एकसुरी आणि आळशी असल्याचे म्हटले गेले.

एप्रिल २००६ मध्ये कॅलिफोर्नियातील कोचेला महोत्सवात त्यांनी पिरॅमिडच्या आत बसून कार्यक्रम केला. त्यात ‘ह्यूमन आफ्टर ऑल’मधील रूक्ष ठोके आणि ‘डिस्कव्हरी’, ‘होमवर्क’मधील सुरावटी एकमेकांवर चढवल्या. जी गाणी घरी ऐकताना ओसाड वाटत होती, ती दुसऱ्या गाण्याचा पाया म्हणून भक्कम निघाली. त्या दौऱ्याच्या ‘अलाइव्ह २००७’ या ध्वनिमुद्रणाला ग्रॅमी मिळाले. ‘रँडम अ‍ॅक्सेस मेमरीज’वेळी तक्रारीचे टोक पुन्हा उलटे झाले. आता म्हणे यंत्रे कुठे गेली? खऱ्या वादकांना बोलावून, महागड्या स्टुडिओंत बसून जुना डिस्को का वाजवता?

या सगळ्यातून एक गोष्ट दिसते. श्रोत्याचे पहिले मत बहुतेकदा समोरच्या अल्बमबद्दल नसतेच. ते त्याला हव्या असलेल्या, पण न मिळालेल्या अल्बमबद्दल असते. निराशा ओसरायला काही वर्षे लागतात, मग समोर काय होते ते ऐकू येते.

उसनवारीच्या आक्षेपाचे काय?

गंमत अशी, की ज्या आक्षेपात सर्वाधिक दम होता, त्यावर २००१ मध्ये सर्वांत कमी चर्चा झाली. ‘डिस्कव्हरी’ जुन्या तबकड्यांतील तुकड्यांवर उभा आहे. ‘डिजिटल लव्ह’मध्ये जॉर्ज ड्यूक यांच्या गाण्याचा तुकडा आहे, ‘हार्डर, बेटर, फास्टर, स्ट्राँगर’चा पाया एडविन बर्डसाँग यांच्या १९७९ मधील रचनेचा आहे, तर ‘सुपरहिरोज’मध्ये बॅरी मॅनिलो यांचे सूर आहेत. यात कारागिरी नाही असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. दोन सेकंदांचे तुकडे कापून, उलटसुलट क्रमाने जोडून मूळ गाण्यात नसलेली सुरावट काढणे, हे गोधडी शिवण्याइतकेच कौशल्याचे काम आहे. पण गोधडीतील प्रत्येक तुकडा कोणाच्या तरी अंगावरचा कपडा होता.

‘वन मोअर टाइम’चा तुकडा एडी जॉन्स या गायकाच्या १९७९ मधील ‘मोअर स्पेल ऑन यू’ या डिस्को गाण्यातून आलेला आहे. लायबेरियात जन्मलेले जॉन्स पुढे अमेरिकेत गेले. ‘लॉस एंजेलिस टाइम्स’ने २०२१ मध्ये त्यांचा शोध घेतला, तेव्हा त्यांनी त्या शहरात बेघर अवस्थेत अनेक वर्षे काढल्याचे आणि जगभर वाजलेल्या या गाण्यातून त्यांच्या हाती काही आले नसल्याचे उघड झाले. ‘डाफ्ट पंक’कडून पैसे दिले जात होते, पण ते मूळ ध्वनिमुद्रणाचे हक्क असलेल्या कंपनीकडे जात होते. बातमीनंतर कंपनीने जॉन्स यांचा वाटा देण्याची तयारी दर्शवली.

कायद्याच्या दृष्टीने जोडगोळीने कदाचित काही चुकीचे केले नसेल. गायकाचा हक्क त्याच्या नकळत कंपनीकडे राहावा, ही संगीत उद्योगाची जुनीच रीत आहे. पण या रीतीवर श्रोत्यांनीही कधी बोट ठेवले नाही. आवाज यंत्रातून का काढला, यावर वीस वर्षे वाद घालणाऱ्यांपैकी किती जणांनी तो तुकडा कोणाचा, असे विचारले? ज्या वर्षी अल्बमला १० पैकी १० गुण मिळाले, त्याच वर्षी ही बातमी आली, हा योगायोग बोचणारा आहे.

याचा भारताशी काही संबंध आहे का?

आहे, आणि तो उसनवारीतूनच आला आहे. तोमा बांगाल्तेरचे वडील दानिएल वांगार्द हे १९७०-८०च्या दशकातील यशस्वी डिस्को निर्माते. ‘ओटावान’ या फ्रेंच गायकजोडीची ‘डी.आय.एस.सी.ओ.’सारखी गाणी त्यांनी जाँ क्लुगर यांच्यासह घडवली. याच ‘ओटावान’च्या ‘ते ओके’ या गाण्याची चाल १९८२ मधील ‘डिस्को डान्सर’ या हिंदी चित्रपटात ‘जिमी जिमी आजा’ म्हणून अवतरली. संगीतकार होते बप्पी लाहिरी. मिथुन चक्रवर्तींचा तो चित्रपट सोव्हिएत रशियापर्यंत पोहोचला. गणेशोत्सवाच्या मांडवात, वरातीच्या बँडवर ज्यांनी त्या चालीवर पाय थिरकवले, त्यांनी ‘डाफ्ट पंक’चे नाव ऐकण्याच्या कितीतरी आधी बांगाल्तेरांच्या घरातले संगीत ऐकले होते.

डिस्कोचे हे असेच आहे. तो अमेरिकेत जाळला गेला, पॅरिसमध्ये विकला गेला, मुंबईत उचलला गेला आणि शिकागोमार्गे पुन्हा पॅरिसला परतला. ‘हे मूळ कोणाचे’ हा प्रश्न त्यामुळे सोपा नाही. पण सोपा नाही म्हणून तो विचारायचाच नाही, असेही नाही.

मग गुण बदलणे योग्य की अयोग्य?

‘पिचफोर्क’ने २०२१ मध्ये मोजक्या अल्बमचे गुण बदलले. काहींचे वाढवले, काहींचे घटवले. यात प्रामाणिकपणा आहे, हे खरे. आपण चुकलो असे समीक्षक सहसा कबूल करत नाहीत. पण यात एक गफलतही आहे. जुने गुण ‘चूक’ आणि नवे ‘बरोबर’ असे मानले, तर वीस वर्षांनी येणारी पिढी याच न्यायाने १०चे ७ करेल आणि तेही तितकेच ‘बरोबर’ ठरेल.

खरे तर ६.४ हे गुण म्हणून निरुपयोगी असले, तरी साक्ष म्हणून मोलाचे आहेत. २००१ मधील एका कानाला हा अल्बम कसा धक्कादायक, कसा गोडमिट्ट, कसा आपल्या टोळीशी द्रोह करणारा वाटला, याची ती नोंद आहे. ती खोडली तर ‘डिस्कव्हरी’ने त्या काळी किती मोठी उडी मारली होती, हेच कळणार नाही. जे सर्वांना पहिल्याच दिवशी आवडते, त्याने सहसा कोणाला हलवलेले नसते. म्हणून जुन्या मताच्या शेजारी नवे मत लिहावे, त्याच्या जागी नव्हे. गुणपत्रिकेत दोन्ही परीक्षांचे गुण दिसावेत.

आज हा वाद महत्त्वाचा का?

कारण आता यंत्र गाणे केवळ घासूनपुसून देत नाही, अख्खे गाणेच तयार करून देते. २००१ मध्ये श्रोते विचारत होते, या आवाजात माणूस किती उरला? आज तो प्रश्न शब्दशः खरा झाला आहे. यावर बांगाल्तेरचे स्वतःचे उत्तर बोलके आहे. शिरस्त्राण उतरवून त्याने २०२३ मध्ये ‘मिथॉलॉजीज’ हा बॅलेसाठीचा, पूर्णपणे वाद्यवृंदावरचा अल्बम प्रसिद्ध केला. आजच्या जगात यंत्रमानव होण्याची आपली मुळीच इच्छा नाही, अशा अर्थाचे उद्गार त्याने त्या वेळी काढले. ‘डाफ्ट पंक’चा यंत्रमानव ही माणसांनी वठवलेली भूमिका होती. त्या धातूच्या आवाजामागे रोमॅन्थनीचा गळा होता, ठोक्यामागे बर्डसाँग यांची बोटे होती, तुतारीसारख्या त्या सुरांमागे जॉन्स यांची तबकडी होती.

रोमॅन्थनीचे २०१३ मध्ये, बर्डसाँग यांचे २०१९ मध्ये निधन झाले. अल्बमला मिळालेले पूर्ण गुण पाहायला ते नव्हते. श्रोत्यांनी ‘डिस्कव्हरी’ला १० द्यावेत की ६, हा ज्याच्या त्याच्या कानाचा प्रश्न. पण पुढच्या वेळी ‘वन मोअर टाइम’ कुठे वाजले, तर नाचता नाचता एवढे तरी आठवावे, की त्या यंत्रात बरीच माणसे आहेत आणि त्यातल्या काहींचा हिशेब फार उशिरा झाला.